ब्लॉगवरून उतरवलेला बोर्ड

ज्या दुपारी मी माझ्या ब्लॉगची थीम बदलली, त्या दुपारी बाबा मुलुंडच्या एका सोसायटीच्या गेटवर ड्युटीला होते आणि मी मुलुंडमध्येच, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या घरी, तिच्या लॅपटॉपसमोर बसले होते. मधे चालत दहा मिनिटांचं अंतर होतं. उठून त्यांना विचारायला गेले असते तर अर्ध्या तासात परत आले असते. पण तेव्हा मला विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. थीम ही माझ्या शिक्षणातली गोष्ट आहे, बाबांच्या नाही, असं मी धरून चालले होते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. थीम म्हणजे ब्लॉगचं अंगावरचं कापड. आतला मजकूर तोच राहतो. नाव कुठे दिसावं, अक्षर केवढं असावं, वर काय असावं, बाजूला काय असावं, हे थीम ठरवते. बाजारात थीमा शेकड्यांनी मिळतात. त्यातल्या काही खास जाहिरातींसाठी केलेल्या असतात. पान पटकन उघडतं, सर्चवाल्यांना आवडतं, आणि जाहिराती कुठे बसवायच्या त्या जागा आधीच आखलेल्या असतात. मी त्यातली एक निवडली.

त्याआधी माझ्या ब्लॉगच्या माथ्यावर बाबांनी लिहिलेला बोर्ड होता.

बाबा बोर्ड पेंटर होते. दुकानांचे, दवाखान्यांचे, गिरण्यांचे बोर्ड. ते कधी 'मी बोर्ड रंगवले' म्हणत नाहीत, 'लिहिले' म्हणतात. सहावीत शाळा सुटली, कोकणातून मुंबईला आले, आणि भांडुपच्या एका पेंटरच्या हाताखाली अक्षर शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे नातेवाईक कौतुकानं सांगतात तेव्हा मला थोडं चोरट्यासारखं होतं. कारण घरात लिहिणारे पहिले बाबा होते, आणि त्यांचं लिहिलेलं रस्त्यावरचे सगळे लोक वाचत होते.

मग फ्लेक्स आले. तासाभरात छापून मिळणारा बोर्ड असताना चार दिवस कोण थांबणार? बाबांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. खाकी गणवेश घेतला आणि गेटवरच्या खुर्चीत बसायला लागले. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीतल्या कपाचा आवाज यायचा, तेवढंच. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. बाबा म्हणाले, "बरा झाला, धंदो आधीच बंद झालेलो." त्यांची मालवणी घरात आणि दुःखात जास्त येते.

ब्लॉग मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुरू केला. मराठीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, काहीही लिहा, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. मला खूप दिवस काही सुचेना. मग एका रविवारी बाबांबरोबर भांडुपला दळण आणायला गेले असताना गिरणीवरचा बोर्ड दिसला. पिवळ्यावर निळी अक्षरं, लाल छाया. मी म्हटलं, "हा तुमचा ना?" ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "माझाच. तो 'क' बघ. पोट सुटलंय त्याचं. तेव्हा मला गिऱ्हाईक घाई करत होतं."

त्यानंतर आम्ही रविवारचे निघायला लागलो. घाटकोपरचा शिंपी, मुलुंडचा दवाखाना, नाहूरच्या पुलाजवळचं सायकलचं बंद दुकान. मी फोटो काढायची आणि बाबा स्वतःच्या चुका सांगायचे. शिंप्याच्या दुकानासमोर ते म्हणाले होते, "ह्याने पैसे कमी दिले म्हणून मी छाया पातळ दिली. आता वाटतं, द्यायला पाहिजे होती. छायेनं काय केलं होतं?" हे सगळं मी जसंच्या तसं लिहून टाकायची. वाचणारे किती? आमच्या वर्गातले काही, मॅडम, आणि पुण्याचे एक आजोबा जे दर वेळी 'छान' एवढंच लिहायचे.

एक दिवस बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या ब्लॉगचा बोर्ड खंय आसा?"

मी म्हटलं, "वर नाव लिहिलंय ना, हे बघा."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ह्या टाइप केलेला आसा. बोर्ड नाय."

दुकान आहे आणि बोर्ड नाही, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी पोटमाळ्यावरून एक लांबोडका प्लाय काढला, घासला, पिवळा रंग दिला. ब्लॉगचं नाव होतं 'रस्त्यावरच्या पाट्या'. नाव ऐकून ते खूश झाले. म्हणाले, "ह्यात 'या' तीनदा येतो. स्त्या, च्या, ट्या. तीन बहिणी आहेत असं समज. तिन्ही सारख्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर लोक म्हणतील ही सावत्र."

एरवी असा बोर्ड त्यांनी एका दुपारी लिहिला असता. हा लिहायला तीन रविवार लागले. सुतळीला खडूची पूड लावून दोन रेघा मारल्या, सुतळीचं एक टोक मी धरलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते एकेक अक्षर लिहीत. एक अक्षर झालं की थांबत. हात मांडीखाली दाबून बसत, गप्पा मारत, मग पुढचं. आई मधेच म्हणायची, "अहो, एवढं काय त्याचं, पोरगी टाइप करील." बाबा म्हणायचे, "तू भाकऱ्या टाइप करतस काय?"

शिरोरेघ ते नेहमी शेवटी देत. त्यांच्या गुरूची पद्धत. बाकीचे पेंटर आधी रेघ ओढून अक्षरं तिला टांगतात. यांच्याकडे अक्षरं आधी आपल्या पायांवर उभी करायची आणि मग वरून एका श्वासात रेघ ओढायची, डावीकडून उजवीकडे, ब्रश न उचलता. रेघ सरळ आली तर आधीच्या बारीक चुका झाकल्या जातात, वाकडी आली तर सगळा बोर्ड वाकडा दिसतो. बाबांना त्याचीच भीती होती. झोपेतून उठल्यावर थोडा वेळ त्यांचा हात शांत असायचा. म्हणून तिसऱ्या रविवारी ते पहाटे तोंडही न धुता प्लायसमोर बसले. मी अंथरुणातूनच बघत होते. त्यांनी श्वास घेतला. रेघ पहिल्या 'र'पासून शेवटच्या 'ट्या'पर्यंत, दोन्ही शब्दांवरून एकच, सरळ गेली. मग त्यांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो शेवटचो."

मी गॅलरीत उजेडाला प्लाय धरून फोटो काढला आणि ब्लॉगच्या माथ्यावर लावला. बाबांच्या फोनवर एक बटण करून दिलं. ते दाबलं की थेट बोर्ड दिसायचा. खाली मी काय लिहिलंय ते ते क्वचित वाचत. पण गेटवर येणाऱ्या दूधवाल्याला, कुरियरवाल्याला, पार्किंगवरून भांडायला येणाऱ्या रहिवाशांनाही तो बोर्ड दाखवत. "माझ्या मुलीचं ऑफिस," असं सांगत.

हे सगळं माहीत असूनही मी तो काढला. का, तेच सांगायचं आहे.

झालं असं, की तिसऱ्या वर्षी मी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला आणि तो दोनदा परत आला. एकदा उत्पन्नाच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं म्हणून, दुसऱ्यांदा मी चुकीचं खातं जोडलं म्हणून. आमच्या घरी विचारायला कुणी नव्हतं. माझ्यासारखीच दुसरी कुणी धक्के खात असेल असं वाटून मी ब्लॉगवर एक लेख लिहिला: कोणते कागद लागतात, मी काय काय चुकवलं, सायबर कॅफेवाल्यानं भरलेलं आपण पुन्हा का तपासावं. तो लेख लोकांना सर्चमध्ये सापडायला लागला. रोज नवी माणसं यायची, प्रश्न विचारायची. गोवंडीच्या एका मुलीनं लिहिलं, 'ताई, तुमचं वाचून माझा फॉर्म पहिल्याच वेळी पास झाला, घरात कोणी शिकलेलं नाही.'

मैत्रीण त्या दिवसांत डिजिटल मार्केटिंगचा क्लास करत होती. तिनं माझा ब्लॉग उघडून बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, एवढी पब्लिक येतेय तुझ्याकडे, आणि तू त्यांना काय दाखवतेस? पीठगिरणी!"

"गिरणीचा बोर्ड," मी म्हटलं.

"तेच ते. फॉर्म शोधत आलेल्या पोरीला दळण काय करायचंय? थीम बदल, जाहिराती लाव. फी तरी सुटेल तुझी."

बाबा त्या गेटवरच्या खुर्चीत माझ्या फीसाठी बसले होते. रहिवाशांच्या गाड्या आल्या की थरथरत्या हातानं दोर ओढून गेट उघडायचे. निदान शेवटचं वर्ष मी त्यांच्याकडून काही घेऊ नये, असं मला फार वाटत होतं. ही सबब नाही. तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

त्या दुपारी आम्ही एकामागून एक थीमा उघडून बघितल्या. नमुन्यातल्या पानांवर सगळीकडे परदेशी स्वयंपाकघरं, स्ट्रॉबेरीचे केक, पांढऱ्या भिंती. एका थीममध्ये मराठी टाकलं तर वेलांट्या वरून कापल्या गेल्या. तिच्या ओळी इंग्रजीच्या मापाच्या होत्या. दुसरीत अक्षर इतकं बारीक की वाचायला चष्मा लागावा. शेवटी एक मिळाली जिच्यात आमचं मराठी धड दिसत होतं. जाहिरातींच्या जागी राखाडी चौकोन होते: एक माथ्यावर, एक पहिल्या परिच्छेदाखाली, एक मधे, एक शेवटी, आणि एक पडद्याच्या तळाला चिकटलेला, जो जातच नाही. मला आठवतं, लेखापेक्षा ते चौकोन जास्त विचार करून मांडले आहेत असं मला वाटलं होतं. पण मी ते बोलले नाही. ती शिकून आली होती, मी नाही.

मग तिनं पानाचा वेग तपासला. निकाल लाल आला. खाली कारणं दिली होती आणि पहिलं कारण हेडरचं, म्हणजे माथ्यावरचं चित्र. सगळ्या पानात सगळ्यात जड तेच होतं.

"हा बघ दगड," ती म्हणाली. "हा काढला की झालं."

"ते बाबांनी लिहिलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग लहान करून लोगोच्या जागी टाक ना."

टाकून बघितलं. तो बोर्ड काडीपेटीएवढा झाला, तीन बहिणी मुंग्यांसारख्या दिसायला लागल्या. थीमच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती: 'शीर्षचित्र: नको (शिफारस)'. मैत्रीण म्हणाली, "बघ यार, ब्लॉग तुझा आहे, मी जबरदस्ती नाही करत. पण वरची ती जागा जाहिरातीला सगळ्यात जास्त चालते. आणि पानावर पांढरी जागा पाहिजे, डोळ्याला बरी वाटते."

मी 'नको'वर टिक केली. पुन्हा वेग तपासला, निकाल हिरवा आला. तिनं टाळी दिली आणि मीही घेतली.

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण मला हिरवा आणखी हिरवा करायचा होता. न वापरलेली चित्रं शोधून काढून टाकायची एक सोय होती. तिनं यादी दाखवली: जुने फोटो, दोनदा चढवलेले फोटो, आणि आता कुठेच न वापरलेला तो बोर्डही. मी 'सगळी निवडा' केलं. 'नक्की?' असं विचारलं गेलं. मी 'होय' म्हटलं. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये आहे असं माझ्या डोक्यात होतं. तो फोन मी दिवाळीत बदलीत दिला होता, देण्याआधी त्यातलं सगळं पुसलं होतं, आणि हे मला त्या वेळी आठवलंच नाही.

दहाएक दिवसांनी जाहिरातींना मंजुरी आली. माथ्यावर पहिली जाहिरात दिसली ती गुडघेदुखीच्या तेलाची. मी आनंदानं घरी सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा म्हणाले, "बरा झाला. शिकलीस म्हणान झाला." आणि गोळ्या शोधायला लागले. गोळ्या ते रोजच शोधायचे. म्हणून माझ्या काही लक्षात आलं नाही.

पुढे एका रविवारी संध्याकाळी स्टेशनाजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोरून जात होते. दुकानदारानं हाक मारली.

"ओ ताई! तुमच्या पप्पांना जरा समजवा ना. फोन एकदम ओके आहे त्यांचा."

मला कळेना. "काय झालंय फोनला?"

"काहीच नाही! चार वेळा येऊन गेले. म्हणतात, ह्यात पिवळा रंग येत नाही. मी डिस्प्ले चेक केला, पिवळा, लाल, सगळं दाखवलं त्यांना. मग म्हणाले, माझा बोर्ड येत नाही, त्याच्या जागी तेलाची बाटली येते. मी म्हटलं, काका, व्हायरस असेल, तो पण चेक केला. आज सकाळी मग मी ते पान माझ्या फोनवर उघडलं. इथे पण बाटलीच." तो हसला. "मी म्हटलं, काका, फोन नाही बिघडला. वेबसाइटवाल्यानं तुमचा बोर्ड काढून टाकलाय."

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. 'असं होय' म्हणाले आणि गेले. मी एक पैसा घेतला नाही हां त्यांच्याकडून."

मी घरी आले तेव्हा दारातच टर्पेंटाइनचा वास आला. गॅलरीत, भिंतीला टेकवून, तो लांबोडका प्लाय वाळत होता. पांढराशुभ्र. बाबा खाली बसून ब्रश धूत होते.

त्यांच्या धंद्यात हे असंच करतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दुकान बदललं, मालक बदलला, की जुना बोर्ड उतरतो. पेंटर तो घरी आणतो आणि त्यावर एक पांढरा हात मारून ठेवतो, पुढच्या नावासाठी. लिहिलेला प्लाय कुणी तसाच ठेवत नाही. आमच्या पोटमाळ्यावर असे कितीतरी पांढरे प्लाय होते. त्या पांढऱ्याखाली कुणाकुणाची दुकानं होती.

"बाबा," मी म्हटलं, "हा का…"

"प्लाय मोकळो झालो," ते म्हणाले. मान वर केली नाही. "गिऱ्हाइकान बोर्ड उतरवल्यान काय आपण पांढरो हात मारूचो."

"मी गिऱ्हाईक आहे का?"

त्यांनी ब्रश पुन्हा टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"मला विचारायचं तरी. तो दुकानदार सांगतो, चार वेळा गेलात."

"माका वाटला फोन बिघडलो." मग ब्रशचे केस बोटांनी सरळ करत, "आणि कळल्यावर विचारूचा नसता गो. माझ्या गुरून सांगितलेला. बोर्ड कित्याक उतरवलास, असा मालकाक कधी विचारू नये. तेका कारण सांगताना वाईट वाटता."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी रडायला लागले. आई आतून आली, तिला काही कळेना, ती बाबांनाच ओरडली, "काय बोललात तिला?"

त्या रात्रीपासून मी फोटो शोधत होते. ब्लॉगवर नव्हता. ब्लॉग ज्यांच्याकडे साठवलेला असतो त्या होस्टिंगवाल्यांना लिहिलं, त्यांच्याकडे मागच्या सात दिवसांचंच ठेवलेलं होतं. मैत्रिणीला पाठवलेला होता, पण तिचे मेसेज आपोआप पुसले जायचे. ती बिचारी दोन दिवस तिचे सगळे फोल्डर शोधत बसली. "सॉरी यार, मला खरंच माहीत नव्हतं तो एकच आहे," असं ती फोनवर म्हणाली. चूक तिची नव्हती. तिला नव्हतं माहीत, मला होतं. गंमत म्हणजे ज्या सर्चसाठी हे सगळं केलं, तिथे अजून काही दिवस त्या बोर्डाचं नखाएवढं चित्र दिसत होतं. त्यावर बोट ठेवलं की 'हे पान सापडलं नाही' असं यायचं. मी ते नखाएवढं चित्र मोठं करून पाहिलं. पिवळ्या धुक्यात एक निळी रेघ दिसली. मग तेही गेलं.

मी बाबांना पुन्हा लिहा म्हणाले. म्हणायला नको होतं. ते नाही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे, हात शांत असतो त्या वेळी, ते त्या पांढऱ्या प्लायसमोर बसले. मी सुतळी धरली, खडूची रेघ नीट उमटली. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि 'र' लिहायला घेतला. मी बघत होते. वरून खाली येताना ब्रश तीन ठिकाणी हलला. त्यांनी 'र' पुरा केला, मागे सरकून बघितला, गिरणीचा बोर्ड बघितला होता तसा, डोळे बारीक करून.

"ह्यो माझो नाय," ते म्हणाले. टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि पुसून टाकला. प्लायवर निळसर डाग राहिला. तोही त्यांनी नंतर पांढरा केला.

मी जुनी थीम परत लावून बघितली. एक दिवस ठेवली. माथ्यावर चित्राच्या जागी रिकामी राखाडी पट्टी आली, बाकी काही परत आलं नाही. त्या दिवसांत फॉर्मची मुदत जवळ आली होती, मुलं प्रश्न विचारत होती, आणि जुन्या थीमवर त्यांच्या साध्या फोनमध्ये पान उघडायला वेळ लागत होता. संध्याकाळी मी नवी थीम पुन्हा लावली. ती अजून आहे. माझ्या शेवटच्या वर्षाची फी त्यातूनच सुटली, हे मी लपवत नाही. बाबांनीही ते चारचौघांत सांगितलं.

पावसाळा संपल्यावर एकदा दुपारी उशिरा मी गॅलरीत अभ्यास करत बसले होते. प्लाय तिथेच होता. बाबांनी तो पोटमाळ्यावर टाकला नव्हता आणि त्यावर दुसरं काही लिहिलंही नव्हतं. ऊन तिरपं आलं आणि मला त्या पांढऱ्यात काहीतरी दिसलं. ऑइल पेंटच्या अक्षराला जाडी असते. एका पातळ हातानं ती पुरती बुजत नाही. मी जवळ गेले आणि बोटं फिरवली. 'र' लागला. 'स्त्या' लागला. डोळे मिटून मी तिन्ही बहिणी शोधल्या, आणि त्या सारख्याच होत्या. वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न तुटता बोटाला लागत गेली.

मी फोटो काढला. उभ्यानं, बसून, ऊन बाजूनं घेऊन, टॉर्च लावून. डोळ्याला जे दिसत होतं ते फोटोत येईना. प्रत्येक फोटोत नुसता पांढरा प्लाय आला. तरी त्यातला एक मी निवडला. माथ्यावरची तेलाची जाहिरात काढली आणि तिथे तो फोटो लावला. वेगाचा निकाल हिरव्यावरून पिवळ्यावर आला. मैत्रिणीनं लगेच विचारलं, "अगं, वरची जागा रिकामी का ठेवलीस? तीच तर चालते." मी म्हटलं, "रिकामी नाहीये."

बाबा ड्युटीवरून आले, जेवले. मी त्यांच्या फोनवरचं ते जुनं बटण दाबून फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बघितलं. हातातल्या थरथरीनं पानही थरथरत होतं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, ते विचारतील हे काय, आणि मग मला समजावून सांगावं लागेल.

"ह्यो आपलो प्लाय," ते म्हणाले. "पांढरो हात मारलेलो."

"हो. त्याच्या खाली आहे अजून. हाताला लागतं."

"लागतलाच. रंग चांगलो वापरलेलो." मग भोवतीच्या पांढऱ्या पानाकडे बघत, थोडं हसून, "वेबसाइटीक पांढराच व्हया ना?"

त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलं, श्वास घेतला आणि बोट काचेच्या डाव्या कडेवर टेकवलं, जिथे 'र' असता तिथे. मग ते रेघेसारखं उजवीकडे नेलं, हळू, न उचलता. काच गुळगुळीत होती. बोटाबरोबर पान सरकत गेलं आणि त्याच्या मागचं, आधी उघडलेलं दुसरंच पान आलं.

"गेलो," ते म्हणाले.

मी फोन घेतला, पान पुन्हा उघडलं आणि त्यांच्या हातात दिलं.